भळाभळा वाहणारं रक्त थांबवायचं कसं?

घरातल्या प्रथमोपचार पेटीत चिकटपट्ट्या आणि मलमं भरपूर असतात. मोठा रक्तस्राव थांबवायला त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. गॉजच्या जाड घड्या, रुंद बँडेजचे दोन रोल, दणकट कात्री आणि हातमोजे ठेवा. पेटी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

रक्त उसळ्या मारत येतंय, जमिनीवर थारोळं साचतंय किंवा कपडा बघता बघता चिंब होतोय, यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या कामाला लागा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

१. दुसऱ्या कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाका. हातमोजे नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला.

२. जखमेवरचा कपडा कापा. रक्त पुसून ते नेमकं कुठून येतंय ते पाहा. नळाखाली धरू नका; धरू लागलेली गुठळी वाहून जाते. पूड, पेस्ट, माती काहीही भरू नका.

३. दाबा. सगळा घोळ होतो तो इथे.

कापडाची घडी रक्ताच्या उगमावर ठेवा, त्यावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. जखमीला जमिनीवर झोपवा, कोपरं ताठ ठेवा आणि खांद्यांचा भार खाली सोडा. गादीवर दाबलं तर निम्मा जोर गादीतच जातो. घरी वजनकाट्यावर सराव करून पाहा: कोपरं वाकवून नुसत्या मनगटांनी दाबलं की थोड्याच वेळात आकडा खाली येऊ लागतो. हात थकलेले आपल्याला कळत नाहीत, आकड्याला कळतात.

आता घड्याळ. किमान १० मिनिटं दाब सोडायचा नाही. "थांबलं का बघू" म्हणून दर मिनिटाला कापड उचलणं ही सगळ्यात घातक सवय. गुठळीचं जाळं विणलं जायला काही मिनिटं सलग लागतात. कापड उचललं की ते फाटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा आणि आणखी जोर द्या. दुसरंही भिजलं, तर दाब चुकीच्या जागी पडतोय. तेवढ्यापुरती दोन्ही कापडं काढा, उगम शोधा आणि नव्याने दाबा. हात किंवा पाय उंच धरणं हा दाबाला पर्याय नव्हे.

हाता-पायाची, जांघेची किंवा काखेची जखम खोल असेल तर वरवर दाबून भागत नाही. गॉज बोटाने तळापर्यंत, जागा उरणार नाही इतकं ठासून भरा, मग दाबा. जखमी ओरडेल, तरी थांबू नका. छाती-पोटाच्या जखमेत मात्र काहीही कोंबायचं नाही.

४. हाता-पायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर आवळपट्टी, म्हणजे टूर्निके. जखमेपासून ५ ते ७ सेंटिमीटर वर, धडाच्या बाजूला; कोपर किंवा गुडघ्यावर नाही. तयार पट्टी नसेल तर किमान ४ सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी बांधा, गाठीत दणकट काठी अडकवा आणि रक्त थांबेपर्यंत पिळा. दोरी किंवा वायर वापरू नका, ती मांसात रुतते. पट्टी अर्धवट आवळली तर शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते आणि रक्त उलट वाढतं. दर थोड्या वेळाने सैल करण्याचा जुना सल्ला विसरा. बांधल्याची वेळ कपाळावर लिहा. ती पट्टी सोडणं डॉक्टरांचं काम.

५. काच किंवा लोखंड रुतलेलं असेल तर उपसू नका, तेच बूच बनलेलं असतं. दोन्ही बाजूंनी दाबा.

रक्त थांबलं तरी दाबाचं बँडेज बांधून माणसाला आडवंच ठेवा आणि अंगावर-अंगाखाली पांघरूण घाला, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला काही नाही. पाणी मागितलं तर फक्त ओठ ओले करा.