आयरॅडमध्ये अपघाताचं ठिकाण चुकीचं येत होतं : माझा अनुभव

आयरॅड या रस्ते अपघात नोंदवायच्या सरकारी ॲपमध्ये घटनास्थळी उभं राहून नोंद केली, तरी नकाशावर खूण किलोमीटरभर लांब, शेतात पडायची. ब्लॅकस्पॉट, म्हणजे वारंवार गंभीर अपघात होणारी जागा, ५०० मीटरच्या पट्ट्यावरून ठरतो, त्यामुळे ही चूक जिवावरची. कॅशे साफ केली, ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन बदलायचीही तयारी केली. आठवडा वैतागात गेला.

दोष माझ्या फोनच्या परवानगीत होता. अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ लोकेशन देता येतं. ते सुमारे ३ चौरस किलोमीटरपर्यंत ढोबळ असतं. आधी सेटिंग्ज, मग ॲप्स, आयरॅड, परवानग्या, लोकेशन. तिथे ‘अचूक लोकेशन वापरा’ चालू करा. ॲप पूर्ण बंद करून उघडा. झाडाखाली नको, मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबा, खूण जवळच्या किलोमीटर दगडाशी ताडून पाहा आणि मगच नोंद जतन करा.