सांगलीत भाड्यानं घर बघताना: आधी पाणी, मग भाडं

सांगलीत घर बघायला निघालात की भाड्याच्या आधी पाण्याचं विचारा. नळाचंही आणि कृष्णेचंही.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत ५५ च्या आसपास. "इथं पूर येतो का?" असं घरमालकाला विचारून उपयोग नाही, "छे, आमच्याकडं नाही" हेच ऐकायला मिळतं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात नाहीतर पिठाच्या गिरणीत विचारा: "एकोणीसला पाणी कुठवर होतं? आणि हा रस्ता किती फुटांना बंद होतो?" सांगलीकराला हे आकडे पाठ असतात. यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दुसऱ्या मजल्यावरचं घर कोरडं राहीलही, पण खाली लावलेली गाडी बुडते, वीज बंद होते आणि तुम्ही वरच अडकून पडता.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथं पाणी लवकर शिरतं. पातळी वाढत गेली की मारुती चौक, गावभाग. विश्रामबाग उंचावर, म्हणून भाडंही चढं. शामरावनगरचं दुखणं वेगळं: नदी शांत असली तरी तिथं पावसाचं पाणी तुंबतं. तिथलं घर जोरदार पावसानंतर एकदा बघाच.

तळमजल्याला नवा रंग असेल तर भुलू नका. जिन्याखाली, कपाटामागं, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला हात लावा. पोपडे सुटलेत, पांढरं मीठ फुटलंय, चौकटीचं लाकूड खालून फुगलंय, तर ओल आत मुरलेली आहे. ती रंगानं जात नाही. जमिनीखालची टाकी पुरात बुडाली असेल तर नंतर उपसून साफ केली होती का, हे विचारा. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे मात्र मालकाला नको, शेजारच्या वहिनींना विचारा.

विजेचं वेगळं मीटर आहे का ते बघा. दोन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की युनिट एकत्र मोजले जातात आणि १०० युनिटच्या पुढचा महाग दर दोघांनाही बसतो. "सबमीटर आहे, युनिटमागं इतके" असं मालक म्हणाला तर महावितरणचं ताजं बिल मागा. मागची थकबाकीही त्यातच दिसते.

करार नोंदवूनच घ्या. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मालक कुरकुरला तर त्याला एवढंच सांगा: नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. बहुतेक जण इथं नरमतात. खर्चही फार नाही. भाडं ८,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ५०,००० असेल, तर ११ महिन्यांचं भाडं ८८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ४,५८३. या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण २३१ रुपये, पण ते पुढच्या पूर्ण शंभरापर्यंत, म्हणजे ३०० धरतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी जे काही मागतील ती एजंटची मजुरी, तिथं घासाघीस चालते. नोंदणी ऑनलाइन होते. दोघांचं आधार आणि अंगठा लागतो, साक्षीदारांचाही.

डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून पाठवा. घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार आणि रंगाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घ्या. भांडणं भाड्यावरून क्वचित, रंगावरूनच जास्त होतात.

भाव करायचा असेल तर पितृपंधरवड्यात फिरा. त्या पंधरा दिवसांत सहसा कुणी बिऱ्हाड हलवत नाही, रिकामं घर तसंच पडून राहतं आणि मालक पाचशे-हजार खाली येतो. करार तेव्हा करा, सामान घटस्थापनेला न्या. जूनमध्ये, कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी, विश्रामबागेत हे जमणार नाही.

किल्ली हातात घेतानाच मीटरच्या आकड्याचा, फुटक्या फरशीचा, नळांचा फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाका. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती देण्याचा अर्जही त्याच आठवड्यात भरायला लावा.