काउंटी लाइनवरच्या वस्तीत घर घेताय? आधी काउंटी कुठली ते नीट बघा

अमेरिकेत शहराबाहेर एकर दोन एकरची जागा शोधायला लागलं की अशी एखादी वस्ती समोर येतेच. चारपाच रस्ते, एक चर्च, एक गॅस स्टेशन, नावाची हिरवी पाटी, आणि मधूनच काउंटी लाइन, म्हणजे काउंटीची (साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) हद्द गेलेली. अशी वस्ती बहुतेकदा अनइनकॉर्पोरेटेड असते, म्हणजे ना मेयर ना सिटी कौन्सिल, आपल्या ग्रामपंचायतीएवढंही काही नाही, सगळा कारभार काउंटीचा. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे यावर टॅक्स, परमिट, शेरीफ सगळं बदलतं.

पहिलं म्हणजे नुसत्या पत्त्यावर विसंबू नका. झिप कोड 1963 मध्ये आले ते टपालाच्या सोयीसाठी, काउंटीच्या हद्दीशी त्यांना काही देणंघेणं नाही. पत्त्यात गावाचं जे नाव येतं ते टपाल सांभाळणाऱ्या पोस्ट ऑफिसचं, आणि ते पोस्ट ऑफिस खुशाल शेजारच्या काउंटीत असू शकतं.

मग सेन्सस ब्युरोच्या जिओकोडरमध्ये (पत्त्यावरून जागा शोधणारं ऑनलाइन साधन) पत्ता टाका, फुकट आहे. काउंटीचं नाव आणि कोड मिळतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे, म्हणजे टेक्सासमधलं असेल तर 48 ने सुरू होणार. पण तो घर नंबरवरून रस्त्यावरची जागा अंदाजाने काढतो, त्यामुळे लाइनच्या अगदी जवळचं घर असेल तर तेवढ्यावर थांबू नका, दोन्ही काउंटींच्या पार्सल मॅपवर (जमिनीच्या प्लॉटांचा नकाशा) जाऊन शोधा (टेक्सासमध्ये हे अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे टॅक्ससाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या साइटवर असतं). जिच्याकडे पार्सल नंबर सापडेल ती तुमची काउंटी. दोन्हीकडे सापडला तर समजा लाइन प्लॉटमधूनच गेलीय, मग टॅक्सची बिलं दोन, डीडसुद्धा (खरेदीखत) दोन्हीकडे रेकॉर्ड झालेलं आहे का ते टायटल कंपनीला (मालकीची कागदपत्रं तपासणारी) विचारायचं, आणि घर नेमकं कुठल्या बाजूला आहे ते सर्व्हेअरकडून मोजून घ्यायचं. मॅपवरची रेघ कधीकधी काही फूट इकडेतिकडे असते, तिच्या भरवशावर शेड बांधायला घेऊ नका.

काउंटी कळली की फोन लावा. सेप्टिक आणि बोअरचं परमिट बऱ्याच ठिकाणी काउंटीचं हेल्थ डिपार्टमेंट बघतं, जुन्या सेप्टिकचा रेकॉर्ड मागा. झोनिंग (कुठल्या जागेवर काय करता येईल याचे नियम) आहे का तेही विचारा, टेक्सासमध्ये काउंटीला तो अधिकार सहसा नसतोच, त्यामुळे उद्या शेजारी भंगारचा यार्ड आला तरी झोनिंगच्या जोरावर सहसा अडवता येत नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळं तपासा, त्याची हद्द काउंटी लाइन ओलांडून जाऊ शकते आणि ब्रोकरचं "हो हो हीच शाळा" लेखी नसतं. आर्कान्सा, केंटकीसारख्या राज्यांत ड्राय काउंट्या अजून आहेत, म्हणजे बिअरसाठी लाइनपलीकडे जावं लागेल, हे मात्र तुमचं तुम्ही बघा.

911 चं (इमर्जन्सीचा नंबर) घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मोबाइलचा कॉल टॉवरप्रमाणे पलीकडच्या काउंटीच्या सेंटरला लागू शकतो, म्हणून फोन उचलल्या उचलल्या काउंटीचं नाव, रस्ता, घर नंबर सांगायचा. घर नंबर रस्त्यावरून रात्री दिसेल असा रिफ्लेक्टिव्ह लावा, मेलबॉक्सच्या दोन्ही बाजूंना, कारण गाडी कुठल्या दिशेने येईल ते आधी कळत नाही.