हापकिडोमध्ये सांध्यांचे लॉक शिकताना

दक्षिण कोरियात छोई योंग-सुल यांच्या शिकवणीतून आकाराला आलेल्या हापकिडो या युद्धकलेत लॉक (सांधा वळवून जोडीदाराला जखडणारी पकड) शिकण्याआधी नाकबोप, म्हणजे सुरक्षितपणे पडण्याचे तंत्र, आत्मसात करावे. ज्याला पडता येत नाही, तो जोडीदार लॉक लागताच अंग आखडतो आणि दुखापत ओढवून घेतो.

सुरुवात मनगटापासून करावी. जोडीदाराच्या तळहाताच्या मागच्या बाजूवर, करंगळी आणि अनामिका यांच्या मुळांमध्ये, आपला अंगठा टेकवावा, उरलेल्या बोटांनी त्याच्या अंगठ्याकडचा मांसल भाग धरावा आणि कोपर स्वतःच्या शरीराजवळ ठेवून त्याचा हात बाहेरच्या दिशेने वर्तुळात वळवावा. जोर दंडातून नव्हे, कमरेच्या वळणातून यायला हवा. बहुतेक नवशिके नेमके इथेच चुकतात. जोडीदाराने थांबण्याची खूण म्हणून थाप देताच, क्षणाचाही विलंब न लावता, पकड सोडावी.

सर्वच हापकिडो शाळांत फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, शिकवले जात नाहीत. जिथे ते आहेत, तिथे वेगाच्या मागे न लागता आधी पावलांचा क्रम पक्का करावा, मग हात जोडावेत आणि प्रत्येक वळणावर गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने आहे ना, हे पाहावे.