मुंबईच्या गच्चीवरून ताऱ्यांचे फोटो: साहित्य कसं निवडावं

मुंबईत रात्रीचं आकाश काळं नसतंच. पूर्वी ते नारिंगी दिसायचं, आता एलईडी दिव्यांमुळे पांढुरकं दिसतं. त्यात आकाशगंगेचा पट्टा शोधायला गेलात तर लाखाचा कॅमेराही हात टेकेल. म्हणून खरेदीला निघण्याआधी काय टिपायचं ते ठरवा. चंद्र, गुरू, शनी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ आणि ताऱ्यांच्या फिरण्याच्या रेषा एवढं गच्चीवरून नक्की जमतं.

पैसे आधी ट्रायपॉडवर घाला. लोक नेमका तिथेच हात आखडता घेतात. मीही घेतला होता. हलका, लांब पायांचा ट्रायपॉड समुद्राकडून वारा आला की थरथरायचा, आणि तारे टिंबांऐवजी अळ्यांसारखे यायचे. दुकानात पाय पूर्ण उघडून वरून हलकी टिचकी मारा; कंप लगेच थांबला पाहिजे. गच्चीवर लिफ्टच्या मोटरच्या खोलीपासून लांब उभे राहा, लिफ्ट सुरू झाली की स्लॅब हादरतो.

कॅमेरा जुना चालतो. मॅन्युअल मोड आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेला कच्चा, न दाबलेला फोटो) एवढ्या दोन गोष्टी हव्यात. फोर्टात बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांची बरीच दुकानं आहेत. सेकंड-हँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असो, सोडून द्या. सुरुवातीला ५० मिमी एफ/१.८ ही एकच लेन्स पुरे (मिमी म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). ती एफ/२.८ वर ठेवली की कोपऱ्यातले तारे बरेच आटोपशीर येतात.

आता तारे टिंबच राहावेत म्हणून शटर किती सेकंद उघडं ठेवायचं? ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, हा जुना ठोकताळा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ५० ला आधी दीडने गुणा, म्हणजे ७५; उत्तर साडेसहा सेकंदांच्या आसपास येतं. मी मात्र चारच सेकंद ठेवतो. जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर ताऱ्यांच्या आधी शहराचा उजेडच फोटो भरून टाकतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० पासून सुरू करा आणि हिस्टोग्रामचा (फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून एक तृतीयांशाजवळ राहील असं बघा.

मग असे शंभर फोटो काढायचे. हाताने बटण दाबत बसू नका, ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर घ्या. काही कॅमेऱ्यांत तो आतच असतो. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक रचले की फोटोतला दाणेदारपणा साधारण दहापट कमी होतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. आमच्या आकाशात खरं काम हे शंभर फोटोच करतात, महागडी लेन्स नव्हे. शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर वीसेक फोटो काढून ठेवा. पांढरा टी-शर्ट लेन्सवर ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर आणखी वीस काढा. कडांचा काळोख या टी-शर्टवाल्या फोटोंमुळे निघतो.

दिशा निवडताना वर बघा. क्षितिजाजवळ उजेड आणि धूळ दोन्ही जास्त. मुंबई १९ अंश अक्षांशावर असल्यामुळे कृत्तिका जवळपास डोक्यावर येतात, जानेवारीच्या मध्यावर रात्री पावणेनऊच्या सुमारास. मृगातला तेजोमेघ त्यानंतर पावणेदोन तासांनी सर्वांत उंच असतो. याच अक्षांशामुळे ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे बहुधा शेजारच्या टॉवरमागे. ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकर त्याच्यावरच जुळवायचा असतो, त्यामुळे तो पहिल्या वर्षी नकोच.

प्रकाश गाळणाऱ्या फिल्टरचंही तसंच. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर ते छान चालायचे, कारण तो उजेड ठरावीक तरंगलांबीचा. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला; त्याला गाळणार कसा?

चंद्रासाठी लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भागा: २०० मिमीला सेन्सरवर चंद्र दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. इथे दुर्बीण लागते. खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिलेली ७० मिमीची दुर्बीण दिसली तर हसून पुढे जा. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे १४० पट, ही तिची मर्यादा. पाच-सहा इंची आरशाची साधी डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आणि आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल धरणारा क्लॅम्प बरा. पौर्णिमेपेक्षा अष्टमीला विवरांच्या सावल्या जास्त खुलतात. गुरू-शनीचे फोटो नाही, व्हिडिओ काढा आणि ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरला त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडू द्या.

जून ते सप्टेंबर सगळं हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. कापडी बॅगेत नको, ती दमट होते. तांदूळही नको, त्याची भुकटी लेन्सवर बसते. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. त्याच्या वर सरकू लागला की पुड्या बदला.