जुन्या कॉम्प्युटरवरही उघडेल अशी वेबसाइट

तालुक्याच्या गावांतल्या वाचनालयांसाठी मी वेबसाइट बनवते. तिथल्या काउंटरवरच्या पीसीत बहुधा विंडोज ७ असतं, क्वचित एक्सपीसुद्धा, आणि रॅम एक-दोन जीबी. नवा पीसी घ्या असं सांगणं सोपं आहे, पण त्या पैशांत पुस्तकं येतात. त्यामुळे आहे त्या पीसीवर साइट चालवून दाखवणं हे आपलंच काम, असं मी मानते.

आधी खालची मर्यादा, म्हणजे सर्वांत जुना कोणता ब्राउझर धरायचा, ते ठरवा. एक्सपीवर क्रोम ४९ व्या आणि फायरफॉक्स ५२ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. विंडोज ७ वर क्रोम १०९ ला थांबतो. मी क्रोम ४९ आणि फायरफॉक्स ५२ धरून चालते. इंटरनेट एक्सप्लोररवर पान देखणं दिसावं म्हणून वेळ घालवत नाही. मजकूर वाचता आला आणि फॉर्म चालला की झालं.

सुरुवातीला जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेला, हातच लावू नका. ‘पुस्तक शोधा’ हा साधा एचटीएमएल फॉर्म करा: नाव लिहिलं, बटण दाबलं, सर्व्हरने निकालाचं तयार पान पाठवलं. एका पानावर वीस-पंचवीस पुस्तकं, खाली ‘पुढील पान’ची लिंक. स्क्रोल करत जाईल तशी यादी वाढवत नेणारी पानं कमी रॅमवर अडकतात, आणि मागे आल्यावर वाचक पुन्हा यादीच्या डोक्यावर जातो.

या फॉर्मची खरी अडचण टायपिंगची असते. जुन्या पीसीवर मराठी कीबोर्ड सुरू केलेला नसतो आणि तो सुरू करून द्यायला कोणी जवळ नसतं. म्हणून शोधाच्या चौकटीखाली अ, आ, इ पासून ज्ञ पर्यंत सगळ्या अक्षरांच्या लिंक द्या, एक ओळ लेखकांची आणि एक पुस्तकांच्या नावांची. ‘क’ दाबलं की क वरून सुरू होणारी यादी. दिसायला जुनाट वाटेल, पण आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे हीच वाट धरतात. तारखेच्या रकान्याशेजारी ‘दिवस/महिना/वर्ष’ असं लिहून ठेवा, कारण फायरफॉक्स ५२ मध्ये कॅलेंडर उघडत नाही, नुसती रिकामी चौकट येते.

एवढं चाललं की मग सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणारी भाषा. ब्राउझरला न कळणारी ओळ तो सोडून देतो, त्यामुळे जुनी पद्धत आधी आणि नवी तिच्याखाली लिहा. एक अपवाद लक्षात ठेवा: फ्लेक्स या मांडणीतला गॅप, म्हणजे घटकांमधलं अंतर. क्रोममध्ये तो ८४ पासून आला. तो चालतो का हे ‘सपोर्ट्स’ या सीएसएसच्याच तपासणीने कळत नाही, कारण ग्रिड या दुसऱ्या मांडणीत गॅप चालत असेल तरी उत्तर ‘हो’च येतं. तिथे सरळ मार्जिन द्या.

जावास्क्रिप्टचं वागणं उलटं आहे. एक अनोळखी चिन्ह दिसलं की अख्खी फाइल बंद. त्यामुळे सोयीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट मी ‘मॉड्यूल’ या नव्या ब्राउझरनाच कळणाऱ्या प्रकारात जोडते. क्रोम ४९ आणि फायरफॉक्स ५२ तिच्याकडे बघतही नाहीत आणि साधं पान शांतपणे चालवतात.

फॉन्टच्या यादीत आधी निर्मला यूआय, मग मंगल, आणि शेवटी आपला देवनागरी वेबफॉन्ट, म्हणजे साइटवरून उतरणारा फॉन्ट, ठेवा. मशीनवर आधीचे फॉन्ट असतील तर वेबफॉन्ट उतरवलाच जात नाही. एक्सपीवर भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नसेल तर मंगलही नसतो आणि मराठीऐवजी नुसते चौकोन दिसतात. तिथे वेबफॉन्ट कामी येतो. मंगल बारीक दिसतो, म्हणून अक्षर १८ पिक्सेल आणि ओळींतलं अंतर १.६ ठेवा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, तेव्हा सर्व्हरवर जीझिप (पान दाबून लहान करून पाठवायची सोय) सुरू करायला विसरू नका. मुखपृष्ठांचे फोटो जेपीईजी; वेबपी हा नवा फोटोप्रकार फायरफॉक्सला ६५ पासून कळतो.

‘साइट असुरक्षित आहे’ अशी तक्रार आली तर आधी पीसीचं घड्याळ बघायला सांगा. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि साइटची ओळख पटवणारं आपलं सर्टिफिकेट ब्राउझरला अजून सुरूच न झालेलं वाटतं. सेल बदला, तारीख लावा, साइट उघडते. तारीख बरोबर असूनही एक्सपीवरचा क्रोम अडवत असेल तर फायरफॉक्स ५२ वापरा. क्रोम तिथे विंडोजच्या जुन्या सर्टिफिकेट-यादीवर विसंबतो, फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर आणतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट असेल तर हा फरक हमखास दिसतो, कारण ज्या जुन्या रूटवर (मूळ सर्टिफिकेटवर) ते टेकलेलं होतं त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली.

चाचणी व्हर्च्युअल मशीनवर (आपल्याच पीसीत चालणाऱ्या आभासी पीसीवर) सुरू करा, पण शेवटची फेरी वाचनालयातल्याच पीसीवर घ्या. जमाखर्चाचं सॉफ्टवेअर आणि अँटिव्हायरस दोन्ही चालू असताना, दुपारच्या गर्दीत, ग्रंथपालांना स्वतः एक पुस्तक शोधायला सांगा. त्या कुठे थांबतात ते मागे उभं राहून बघा आणि मधे बोलू नका.