व्हीबी ६ सोडताना आधी खरी डेटा फाइल शोधा

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपचं बिलिंग मी व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टचं जुनं व्हिज्युअल बेसिक) वरून डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टचीच नवी प्रोग्रामिंग यंत्रणा) नेलं. प्रोग्राम फाइल्स फोल्डरातली एमडीबी (अ‍ॅक्सेसची डेटा फाइल) उचलली, नवा प्रोग्राम चालू केला, तर शेवटचं बिल कित्येक महिन्यांपूर्वीचं! मालकांचा चेहराच उतरला. "अहो, कालच तर चलन काढलंय!"

डेटा गेला नव्हता. विंडोज व्हिस्टापासून साध्या युजरला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. जुना ३२ बिट प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज गुपचूप फाइलची प्रत युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात करतं आणि पुढच्या सगळ्या नोंदी तिथेच पडतात. नव्या डॉटनेट प्रोग्रामला सहसा ही सोय मिळत नाही, म्हणून तो मूळची शिळी फाइल उघडतो.

तेव्हा प्रत्येक लॉगिनचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून तारखा बघा. दोन पाळ्यांचे दोन लॉगिन असतील तर दोन वेगळ्या एमडीबी निघतील, आणि त्या बिल नंबर लावून जुळवाव्या लागतील. इथे घाई नको. कॉपी करण्याआधी जुना प्रोग्राम सगळीकडे बंद करा. शेजारी एलडीबी फाइल (एमडीबी उघडी असताना बनणारी लॉक फाइल) दिसली तर बहुधा कोणीतरी अजून आत आहे.

नवी फाइल प्रोग्रामडेटा या सगळ्या युजरच्या सामाईक फोल्डरात आपला वेगळा फोल्डर करून ठेवा, पण त्या फोल्डरला सगळ्या युजरसाठी लिहिण्याची परवानगी द्या. एमडीबी वाचणारा जेट ४.० ड्रायव्हर फक्त ३२ बिट आहे, म्हणून तोच वापरणार असाल तर नव्या प्रोग्रामचं बिल्ड एक्स८६ (म्हणजे ३२ बिट) ठेवा.